लिंबूटिंबू जिंकतात असा, लॅटिनो पोरांवरचा सिनेमा सुचवा

रानवारा: आम्ही बेकर्सफील्डला (कॅलिफोर्निया) असतो. लेक तेरा वर्षांचा, वर्गात निम्मी मुलं मेक्सिकन घरांतली. पुण्याहून बाबा आलेत. शनिवारी सगळ्यांनी मिळून बघायचा आहे. अटी दोनच: पावणेदोन तासांत संपावा (बाबा पेंगतात) आणि भाडं भरायला लावू नका, लायब्ररीत मिळेल असा सांगा.

मिरचीभजी: मॅकफार्लंड, यूएसए. डोळे झाकून बघा! गाव तुमच्यापासून अर्ध्या तासावर. पोरं पहाटे शेतात राबून शाळेत येतात, मग पळतात. 1987 ला क्रॉस-कंट्री शर्यतीत राज्यात पहिले आले. आम्ही हायवे 99 वरून जाताना मुद्दाम थांबून फोटो काढले.

रानवारा: तो दोन तास नऊ मिनिटांचा आहे हो.

मिरचीभजी: कळत पण नाही वेळ कसा जातो.

तिरकाडोळा: मला नाही झेपला. गोरा कोच येतो आणि पोरांचं भलं करतो, तेच ते. त्यात खरा कोच साठच्या दशकापासून त्या गावात शिकवत होता. सिनेमात तो 1987 लाच सामान घेऊन उतरतो. वीसेक वर्षांची मेहनत गुंडाळली की!

गणितवाली: मग स्टँड अँड डिलिव्हर (1988). 103 मिनिटं, तुमच्या अटीत बसतो. पूर्व लॉस एंजेलिसची गारफिल्ड शाळा, मास्तर एस्कलांते बोलिव्हियाहून आलेला, म्हणजे बाहेरचा तारणहार वगैरे नाही. तो पोरांना कॅल्क्युलसच्या अवघड परीक्षेला बसवतो. फक्त लेकाला सांगा, एवढं गणित झटपट येत नसतं. एस्कलांतेंनी 1974 पासून पाया घातला होता.

बारावीचा_बाप: कॅल्क्युलसचं एवढं काय कौतुक? आमच्याकडे बारावीला सगळेच करतात. माझा मुलगा तर जेईईला

गणितवाली: काका, मुद्दा तो नाही. 1982 ला त्या परीक्षेत 18 जण पास झाले, त्यातल्या 14 जणांवर कॉपीचा संशय घेतला. 12 जण पुन्हा बसले, बाराही पास. संशय का आला ते लेकाशी बोला.

बारावीचा_बाप: कॉपी आमच्या सेंटरवरही चालायची.

सोलापुरी_चादर: मॅकफार्लंड कोणी सुचवला का? नसेल तर मॅकफार्लंड.

जुगाडू: स्पेअर पार्ट्स. फीनिक्सची चार पोरं, 2004, पीव्हीसी पाइपांचा पाण्याखालचा रोबोट, स्पर्धेत अमेरिकेतल्या नामांकित एमआयटीला हरवलं. आम्ही बघून जोशात नऊशे डॉलरचं किट आणलं, पहिल्याच दिवशी बादलीत बुडालं. आणखी एक, गळती थांबवायला पोरं टॅम्पॉन वापरतात. सासरे शेजारी होते, मी पाणी आणायला उठलो.

गणितवाली: बसून राहायचं होतं. कसली लाज?

तिरकाडोळा: त्यातही दोन खऱ्या मास्तरांचा मिळून एकच केलाय.

रानवारा (रविवारी): मंडळी, आभार. लायब्ररीत स्टँड अँड डिलिव्हर होता, आणलाही. पण लेकाने लाँग गेम लावला. टेक्सासच्या डेल रिओमधली पोरं, गोऱ्यांच्या गोल्फ क्लबवर बॅगा उचलणारी. खेळायला बंदी, म्हणून स्वतःच माळावर मैदान करतात. 1957 ला राज्यविजेते. पावणेदोन तास ओलांडले, भाडंही गेलं. बाबा शेवटपर्यंत जागे. लहानपणी दोन उन्हाळे त्यांनी पुण्यात एका क्लबवर बॅगा उचलल्या होत्या, हे मला काल कळलं. म्हणाले, "आम्हाला नुसते चेंडू शोधायला पाठवायचे. काठीला हात लावला तर कानाखाली."

सोलापुरी_चादर: म्हणजे मॅकफार्लंड राहिलाच?