मदत हवी आहे: बुरशीच्या विटा वाळवायच्या कशा?

नमस्कार मंडळी. २०१४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ संग्रहालयाच्या अंगणात 'हाय-फाय' नावाचा मनोरा उभा होता. मक्याची धाटं आणि बुरशीचे तंतू साच्यात वाढवून केलेल्या सुमारे १०,००० विटांचा! काम संपल्यावर त्या विटांचं खत झालं. रोज राडारोडा बघणाऱ्या मला हे फार भावलं.

मी भाताचा पेंढा आणि धिंगरी अळंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) बियाणं वापरून घरी सहा विटा केल्या. पेंढा गरम पाण्यात भिजवूनही चार विटांवर नको असलेली हिरवी बुरशी आली. उरलेल्या दोन पांढऱ्याशुभ्र आहेत, पण आतून ओलसर. भट्टी नाही. नुसत्या उन्हात तंतू पुरते मरतील, की नंतर अळंबी फुटेल? धिंगरीची शेती करणारं कुणी असेल तर कृपया सांगा, फोटो लगेच टाकते.