मदत हवी आहे: जुनी आरसी टगबोट पाण्यात उतरल्यावर बंद पडते; बॅटरी कोणती घ्यावी?

टगवाला:
पुण्याच्या जुन्या बाजारातून रिमोटवर चालणारी एक टगबोट घेतली आहे. ब्रशची (घासणाऱ्या संपर्कांतून वीज घेणारी) मोटर, सुकाणू हलवणारा सर्वो, मोटरचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर आणि रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर हे सर्व आत जागच्या जागी आहे. टेबलावर ठेवून चालवली की काहीच तक्रार नसते. मात्र पाण्यात सोडून वेगाची दांडी अर्ध्याच्या पुढे नेली की सुकाणू थरथरते, बोट निपचित पडते आणि काही सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू होते. ज्यांना दाखवली त्यांनी रिसीव्हर बदलायला सांगितले आहे, पण तो खर्च मला पटत नाही. रविवारी भाच्याला बोट दाखवायची आहे, त्यामुळे इतिहास-भूगोल नको. बॅटरी कोणती घ्यावी एवढेच कृपया सांगावे.

मायक्रोफॅरड:
बॅटरी कोणती घ्यावी हे विचारता, पण सध्या कोणती लावली आहे हेच लिहिलेले नाही. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा आहे की लांब एरिअलचा जुना २७ मेगाहर्ट्झचा? बोट बंद पडते तेव्हा रिसीव्हरवरचा दिवा विझतो की तसाच राहतो? दिवा विझत असेल तर व्होल्टेज पडते आहे. दिवा तसाच राहून नुसते सुकाणू थरथरत असेल, तर तो ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट समजावा आणि मोटरच्या दोन टोकांमध्ये, तसेच प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्यापर्यंत, ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन बसवावेत. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

लिथियमप्रेमी:
एवढी चौकशी कशाला? दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) लावा आणि मोकळे व्हा. जमल्यास मोटरही ब्रशलेस करून घ्या.

जुनाखलाशी:
ब्रशलेसबद्दल त्यांनी विचारलेच नव्हते. शिवाय दोन सेलची लिपो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते आणि एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की ती कामातून जाते. जुन्या स्पीड कंट्रोलरमध्ये बॅटरी उतरल्यावर मोटर थांबवण्याची सोय बहुधा नसते, त्यामुळे व्होल्टेज घसरताच ओरडणारा बझर लावल्याशिवाय हा सल्ला नवख्या माणसाला देऊ नये. टगबोटीला तळाशी वजन लागतेच. इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-तासाची लेड अ‍ॅसिड बॅटरी पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे शिशाचे तुकडे भरण्याचे कामही वाचते.

टगवाला:
रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा आहे. बॅटरी म्हणजे नेहमीचे सहा पेन्सिल सेल, प्लास्टिकच्या खोक्यात, अगदी नवे. दिवा विझतो. आता तरी सांगावे.

मायक्रोफॅरड:
मग माझा कपॅसिटरचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवतो, पण ते बसवाच.

सर्किटराव:
उत्तर त्या सहा सेलमध्येच आहे. हवेत प्रोपेलरवर जवळजवळ काहीच भार नसतो, म्हणून टेबलावर मोटर थोडक्या करंटवर फिरते. तोच प्रोपेलर पाणी ढकलू लागला की करंट कित्येक पट वाढतो. सहा पेन्सिल सेल आणि खोक्यातल्या स्प्रिंगा यांचा अंतर्गत रोध मिळून सुमारे एक ओहम धरला, तर ३ अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि ९ व्होल्टचे ६ उरतात. तुमच्या रिसीव्हरला वीज स्पीड कंट्रोलरमधूनच मिळते. त्यात ५ व्होल्ट देणारा छोटा रेग्युलेटर असतो, ज्याला बीईसी म्हणतात. तो ७८०५ जातीचा असेल तर ५ व्होल्ट देण्यासाठी त्याला स्वतःला ७ च्या आसपास लागतात. त्याखाली इनपुट घसरले की आउटपुटही घसरते आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रिसीव्हर बदलून काहीही साधणार नाही.

खात्री करायला व्होल्टवर ठेवलेला मल्टिमीटर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलच्या (सर्वो जोडतात तशा सॉकेटच्या) लाल आणि काळ्या पिनांना लावा, दुसऱ्या कोणाला तरी बोट टबात घट्ट धरायला सांगा आणि दांडी सावकाश पुढे न्या.

लिथियमप्रेमी:
म्हणजे जुनाखलाशी यांची ६ व्होल्टची बॅटरीही बीईसीला पुरणार नाही. लिपो पुरते.

जुनाखलाशी:
बीईसीच्या भरवशावर राहिलात तर पुरणार नाही, हे मान्य. पण रिसीव्हरला वेगळा पॅक दिला की तो प्रश्नच उरत नाही.

दर्यावर्दी_५२:
लाकडी बोट गोड्या पाण्यातून काढल्यावर उन्हात वाळवू नये, सावलीत पुसून ठेवावी, नाहीतर व्हार्निशला तडे जातात.

टगवाला:
धन्यवाद, पण व्हार्निश ठीक आहे. टबात मोजले: मोटर थांबलेली असताना ४.९, अर्ध्या वेगाला ४.१ आणि त्यापुढे ३.२ दिसून दिवा गेला. वेगळा पॅक कसा जोडायचा?

सर्किटराव:
चार निकेल-मेटल-हायड्राइड सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक रिसीव्हरवर बॅटरी जोडण्याच्या सॉकेटमध्ये लावा. त्याआधी स्पीड कंट्रोलरकडून रिसीव्हरकडे येणाऱ्या तीन वायरींपैकी मधली लाल वायर प्लगमधून काढायची आहे. प्लगवरची प्लास्टिकची बारीक जीभ टाचणीने उचलली की पिन मागे ओढून निघते. तिच्यावर टेप गुंडाळून ठेवा. वायर तोडू नका, पुढेमागे लागेल. ती काढली नाही तर पॅक आणि बीईसी एकमेकांना समांतर जोडले जातात आणि एकाचा करंट दुसऱ्यात शिरतो. काळी किंवा तपकिरी वायर मात्र राहू द्या, कारण दोन्हींची जमीन (ग्राउंड, म्हणजे ऋण बाजू) सामाईक नसेल तर सिग्नलला अर्थच उरत नाही.

टगवाला:
लाल पिन काढली आणि पॅक जोडला. आता पूर्ण वेगालाही सुकाणू शाबूत राहते, पण मोटर दमते.

जुनाखलाशी:
ती दमणारच, कारण तिचा भार अजून पेन्सिल सेलच उचलत आहेत. मोटरवर ७.२ व्होल्ट लिहिले असेल तर सहा जाड सेलचा निकेलचा पॅक घ्या, ६ लिहिले असेल तर माझी लेड अ‍ॅसिड लावा.

टगवाला:
मोटरवर काहीच लिहिलेले नाही.

सर्किटराव:
तर मग ६ व्होल्टपासूनच सुरुवात करा आणि थोडे चालवून मोटर हाताला चटका देते का ते पाहा. बॅटरीच्या लाल वायरीत, बॅटरीच्या जवळ, फ्यूज हवाच. पाण्यात पूर्ण वेगाला किती अँपिअर जातात ते मोजा आणि त्याच्या सुमारे दीडपट फ्यूज घ्या, मात्र तो स्पीड कंट्रोलरच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. मल्टिमीटरवर १० अँपिअरची मर्यादा असते, ती ओलांडू नका.

टगवाला:
कंट्रोलरची क्षमता कुठे लिहिलेली असते?

मायक्रोफॅरड:
फोटो टाका.