लिनक्सवर गेमला मॉनिटरचे रिझोल्यूशन बदलू द्यावे का?

धागालेखक:

गेल्या आठवड्यात ३८४० × २१६० च्या मॉनिटरवर एक गेम सुरू केला, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये २५६० × १४४० च्या वर एकही पर्याय दिसेना. ड्रायव्हर पुन्हा टाकला, केबल बदलली, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कारण निघाले डेस्कटॉपच्या दीडशे टक्के स्केलिंगचे, म्हणजे सगळे दीडपट मोठे दाखवण्याच्या सेटिंगचे. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी व्यवस्था) बहुतेक गेम एक्सवेलँडमार्फत (जुन्या एक्स११ व्यवस्थेसाठीचे प्रोग्राम वेलँडवर चालवणारा दुवा) चालतात, आणि काही डेस्कटॉप अशा गेमला पडद्याचे खरे माप न देता स्केलिंगने भागलेले माप देतात. ३८४० ला दीडने भागले की २५६० येतात. मग तेच चित्र ताणून पडदाभर केले जाते, त्यामुळे अक्षरांच्या कडा धूसर दिसतात. स्केलिंग शंभर टक्क्यांवर आणताच यादीत ३८४० × २१६० आले.

या अनुभवानंतर माझे मत पक्के झाले आहे. मॉनिटर नेहमी त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर असावा आणि गेमला लागेल ते माप वेगळ्या चौकटीत द्यावे. स्टीम हे गेमचे दुकान चालवणाऱ्या वाल्व कंपनीचा गेमस्कोप हा प्रोग्राम नेमके हेच काम करतो. २०२२ साली आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्राचा गेमिंग मोड त्याच्यावरच चालतो. स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये लहान लिपीतल्या डब्ल्यू आणि एचपुढे गेमचे माप, तर मोठ्या लिपीतल्या डब्ल्यू आणि एचपुढे पडद्याचे माप लिहावे. सर्वांनी हीच पद्धत धरावी, असे मला वाटते.

प्रतिसाद १:

असहमत. तुमची अडचण स्केलिंगची होती आणि ती स्केलिंग बदलूनच सुटली. त्यावर आणखी एक थर चढवण्याची गरज कुठे सिद्ध झाली? एक्स११ च्या सत्रात टर्मिनलमध्ये एक्सरँडआर ही आज्ञा चालवली की मॉनिटरचे सगळे मोड (रिझोल्यूशन आणि गती) ओळीने दिसतात, चालू असलेल्या मोडपुढे तारांकन असते आणि एका आज्ञेत मोड बदलता येतो. गेमस्कोपला व्हल्कन (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याची नवी पद्धत) लागते, त्यामुळे ज्यांच्या जुन्या कार्डांना ते नाही त्यांच्यासाठी तुमची पद्धत बादच ठरते. शिवाय काचेच्या नळीचे जुने सीआरटी मॉनिटर जपून ठेवणारेही आहेत. त्या पडद्याला पिक्सेलची ठरावीक जाळी नसल्याने ६४० × ४८० चा खरा मोड तिथे जितका रेखीव दिसतो, तितके ताणलेले चित्र दिसत नाही.

धागालेखक:

सीआरटीचा मुद्दा पूर्णपणे मान्य. व्हल्कनचाही. पण एक्स११ वर ६४० × ४८० मध्ये चालणारा जुना गेम मध्येच कोसळला की डेस्कटॉप त्याच मापावर अडकून राहतो, दुसऱ्या मॉनिटरवरच्या खिडक्या विस्कटतात आणि डिस्प्ले सेटिंग्जमधले ‘लागू करा’ हे बटण पडद्याच्या खालच्या कडेबाहेर जाते. नवख्या माणसाने तिथून परत कसे यावे? त्यातच प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपने फेब्रुवारी २०२४ पासून वेलँड हेच मूळ सत्र केले आणि ग्नोम ४९ या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये एक्स११ चे सत्र मुळातच बंद ठेवलेले आहे. आज कोणाला एक्स११ वर परतायला सांगणे म्हणजे आटत चाललेल्या विहिरीवर पाठवणे आहे.

प्रतिसाद २:

आपण दोघेही वरच्या मजल्यावर वाद घालत आहात. तपासणीची सुरुवात पायापासून व्हायला हवी. सिस फोल्डरमध्ये क्लास आणि त्यात डीआरएम उघडा. तिथे प्रत्येक पोर्टचे स्वतंत्र फोल्डर असते आणि त्यात ‘मोड्स’ नावाची साधी फाइल असते. हवे ते रिझोल्यूशन त्या फाइलमध्ये असेल, तर दोष डेस्कटॉपमध्ये, एक्सवेलँडमध्ये किंवा गेममध्ये शोधावा. नसेल, तर गेमस्कोप आणि एक्सरँडआर यांवर वेळ घालवण्याआधी खाली पाहावे. इन्स्टॉल करताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिलेला ‘नोमोडसेट’ हा ड्रायव्हरला मोड ठरवू न देणारा पर्याय तसाच राहून गेला असेल, तर पडदा फर्मवेअरने दिलेल्या एकाच मापावर अडकतो. मधल्या केव्हीएम स्विचने (एकच मॉनिटर अनेक संगणकांना जोडणारी पेटी) किंवा स्वस्त ॲडॉप्टरने मॉनिटरची ईडीआयडी माहिती (मॉनिटर स्वतःचे मोड कळवतो ती) पुढे पोहोचवली नाही, तर १०२४ × ७६८ सारखे मोजके मोडच मिळतात. रिझोल्यूशन बरोबर असून चित्र बदलण्याची गती ३० हर्ट्झवरच अडली असेल, तर जोडणी एचडीएमआय १.४ ची आहे का ते पाहा. ३८४० × २१६० ला तिची मजल साधारण तेवढीच आहे.

प्रतिसाद १:

ही तपासणी आधी करावी, हे मान्य. मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनला हात लावू नये हे तत्त्वही सपाट पडद्यांपुरते मी स्वीकारतो. तरीही गेमस्कोप सरसकट नकोच. प्रोटॉनमध्ये (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे वाल्वचे साधन) चालणाऱ्या गेमने पूर्ण पडद्यावर कमी रिझोल्यूशन मागितले, तर प्रोटॉन मॉनिटरचा मोड न बदलता चित्र स्वतःच मोठे करतो. जे काम आधीच होत आहे ते दुसऱ्यांदा करवून घेतले, तर बिघडण्याची जागा तेवढी वाढते.

धागालेखक:

प्रोटॉनची ही सोय माझ्या लक्षात आली नव्हती. ‘सर्वांनी’ हा शब्द मी मागे घेतो. लिनक्ससाठीच बनलेल्या आणि मोड बदलू पाहणाऱ्या जुन्या गेमसाठी मात्र मी गेमस्कोपच सुचवीन. प्लाझ्मा वापरणाऱ्यांनी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जुन्या पद्धतीच्या (एक्स११) ॲप्सना स्वतःचे स्केलिंग करू देण्याचा पर्याय निवडावा. मग दीडशे टक्के ठेवूनही गेमला खरे माप मिळते.