सात महिन्यांच्या पिल्लाने घर डोक्यावर घेतलंय, हा खेळ आहे की आमचं काही चुकतंय?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे बंड्या आहे, दोन महिन्यांचा असताना आणला, आता सात पूर्ण होतील. लॅब्रॅडॉर (लॅब) मिक्स कुत्रा, वजन आत्ताच २१ किलो. घरात सगळ्यांचा जीव आहे त्याच्यावर, पण गेले दोन महिने मी पार थकून गेलेय.

रोज संध्याकाळी साडेसात वाजले की त्याच्या अंगात काहीतरी संचारतं, कान मागे, पाठीची कमान, शेपूट आत घेऊन सोफा ते बेडरूम ते गॅलरी आणि परत, फरशीवर वळणावर घसरतो, भिंतीवर आपटतो, उठून पुन्हा धावतो. मग मोजा पळवतो. कपाटातला नाही, मी पायात घालायला घेतलेलाच हवा असतो. तोंडातून अर्धा मोजा लोंबतोय, पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकलेत, मागचा भाग वर आणि शेपूट नुसती गरगर, असा माझ्याकडे बघत थांबतो आणि मी एक पाऊल टाकलं की सुसाट. खेळताना हाताला चावतो, रक्त नाही येत पण ओरखडे असतातच.

हे सगळं चाललं असतं हो. पण परवा सासूबाई खोलीतून बाहेर येत होत्या आणि हा आनंदाने दोन पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर गेला, त्या पडल्या. ६८ वय आहे त्यांचं. मनगट सुजलं, फ्रॅक्चर नाही हे नशीब. त्या स्वतः म्हणतायत की त्याला काय कळतंय, लेकरू आहे, पण नवरा म्हणतो की असंच चालणार असेल तर याला दुसरं घर बघावं लागेल आणि मला ते ऐकवत नाही.

कुणीतरी सांगितलं की त्याला पाठीवर पाडून दाबून धर, तू बॉस आहेस हे कळलं पाहिजे. एकदा केलं मी तसं. त्याने तिथेच दोन थेंब शू केली आणि अर्धा तास टेबलाखालून बाहेर आला नाही. मी पण रडले त्या दिवशी.

तर विचारायचं हे की हा खेळतोय की आक्रमक होतोय? आणि उशी फाडल्यावर मान खाली घालून, कान पाडून बघतो, म्हणजे चूक केली हे त्याला कळत असणार ना? मग पुन्हा का करतो?

दोनशेपट्या

सात महिन्यांचा लॅब मिक्स म्हणजे हेच ताई, घाबरू नका. आमच्या पहिल्याने टीव्हीचा रिमोट, दाराची चौकट आणि एका खुर्चीचे चारही पाय खाल्ले होते, आज तोच शेजारचं बाळ रांगत आलं तरी जागचा हलत नाही. फक्त ते दाबून धरणं पुन्हा करू नका प्लीज. सविस्तर लिहिणारे लिहितीलच.

रानवाट

पाऊसवेडी ताई, अकरा वर्षं टाकून दिलेली पिल्लं घरी सांभाळून पुढे चांगल्या घरी देतेय, त्यावरून सांगते.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही जे वर्णन केलंत ना, पुढचे पाय खाली आणि ढुंगण वर, ते कुत्र्यांच्या भाषेत "चल खेळूया" आहे, अगदी स्पष्ट शब्दात. मार्क बेकॉफ नावाच्या प्राणीवर्तनाच्या अभ्यासकाने १९९५ मध्ये यावर लिहिलंय, त्याला असं दिसलं की कुत्री हे असं वाकणं कधीही उगाच करत नाहीत, ज्या गोष्टीचा समोरच्याला गैरसमज होऊ शकतो, म्हणजे चावून मान झटकणं वगैरे, त्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतर करतात. "आत्ता केलं ते खेळात हं" असं सांगून ठेवतात. बंड्या तुम्हाला रोज हे सांगतोय.

खेळातलं कुत्रं अंगाने सैल असतं, तोंड उघडं, हालचाली वेड्यावाकड्या, मध्येच थांबतं, कधी स्वतःच खाली पडून समोरच्याला वर येऊ देतं. काळजी करायची ती अंग ताठ झालं, तोंड मिटलं, नजर एका जागी खिळली आणि हालचाल एकदम थांबली तर. अचानक स्वभाव बदलला, हात लावू देत नाही असं झालं तर आधी डॉक्टर, कारण दुखत असलं की शांत कुत्रंही चावतं. तुमच्या लिहिण्यात मला यातलं काही दिसलं नाही.

आता मान खाली घालणं. हे मलाही खूप वर्षं खरं वाटायचं. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रयोग केला, मालकाने कुत्र्याला खाऊ खायचा नाही असं सांगून बाहेर जायचं, मागे कधी कुत्र्याने तो खाल्ला, कधी नाही, आणि मालकाला मात्र कधी खरं सांगितलं कधी खोटं. तो "अपराधी" चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की तो यायचा, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांना ओरडा बसला तेव्हा तर जास्तच दिसला. म्हणजे बंड्याला उशीचं काही कळत नाहीये, त्याला तुमचा आवाज आणि चेहरा कळतोय आणि तो म्हणतोय की रागावू नकोस. दोन तासांनी येऊन ओरडल्याने तो फक्त तुमच्या येण्याला घाबरायला शिकेल. शू केली ना त्याने, ती भीतीचीच होती. तुमचं मन तुम्हाला बरोबर सांगत होतं.

चावण्याचं म्हणाल तर पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, मोठ्या कुत्र्याला ४२, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ही सगळी अदलाबदल होते. हिरड्या शिवशिवतात. नवे दात आल्यावरही काही महिने चघळायला लागतंच, म्हणून चघळायचं चांगलं रबरी खेळणं द्या, जुना टॉवेल ओला करून पिळून फ्रीझरमध्ये ठेवून द्या, आमच्याकडे तो टॉवेल दाखवला की बाकी सगळं विसरतात (तुकडे तोडून गिळत असेल तर मात्र लगेच काढून घ्यायचा). दात जोरात लागले की त्या क्षणी खेळ बंद, ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, ढकलणं म्हणजे त्याच्यासाठी खेळच. उठायचं, पाठ करायची, वीस-तीस सेकंद. मग परत खेळायचं. घरातल्या प्रत्येकाने हेच करायचं, एकाने हाताने झोंबाझोंबी केली आणि दुसऱ्याने पाठ केली तर त्याने समजायचं काय?

संध्याकाळचं ते धावणं, त्याला झूमीज म्हणतात, ते अगदी नॉर्मल आहे आणि बघायलाही किती सुंदर असतं हो. ते थांबवू नका, फक्त फरशीवर घसरत नाही अशा चटया टाका, वाढत्या हाडांचे सांधे आहेत ते, भिंतीवर आपटणं बरं नाही. आणि एक विचारते, तो झोपतो किती? छोटी पिल्लं दिवसातले १८ ते २० तास झोपतात, या वयात थोडं कमी, पण घर जागं असलं की ती झोपतच नाहीत आणि मग दमलेल्या मुलासारखी चिडचिडी, चावरी होतात. दुपारी दोन तास शांत खोली द्या, आठ दिवसांत फरक दिसेल.

सासूबाईंसाठी सगळ्यात आधी दारात लहान मुलांसाठी असतं तसं गेट लावा. शिकवणं नंतर, मनगट आधी. त्या बाहेर यायच्या वेळी घरातच पट्टा लावून धरा, चारही पाय जमिनीवर असताना खाऊ आणि लाड, उडी मारली की कुणीच बघायचं नाही, हात लावायचा नाही. त्या खुर्चीत बसल्यावर मग त्याला बसवून भेट घालून द्या. तो त्यांना भेटायलाच धावतो ना, मग भेट मिळायचा रस्ता म्हणजे बसणं, एवढं त्याला कळलं की झालं.

जुनीछत्री

रानवाटशी सगळं सहमत, पण मी मोज्याबद्दल लिहायलाच हवं, प्लीज वाचा.

आमची चिंगी अशीच मोजे पळवायची. आम्ही सगळे हसत तिच्यामागे धावायचो, मजा वाटायची. पकडून तोंडातून ओढून काढायचो. मग तिने काय शिकून घेतलं, की माणूस जवळ आला की वस्तू जाते, तर आधी गिळून टाक. एका संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर गेला तो मोजा, एका घोटात. निघेल आपोआप म्हणून आम्ही थांबलो, तिथेच चुकलो. दुसऱ्या दिवशी उलट्या, पाणीसुद्धा टिकेना, शी नाही, पोटाला हात लावला की आक्रसून घ्यायची. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टरांनी नंतर स्टीलच्या ट्रेमध्ये तो दाखवला, माझ्या मुलाचा निळ्या पट्ट्यांचा मोजा, पार काळपट, दोरीसारखा पिळलेला. चिंगी वाचली, आज नऊ वर्षांची आहे, पण तो ट्रे मी विसरू शकत नाही.

म्हणून मागे धावू नका. बंड्यासाठी तुमचं धावणं हेच बक्षीस आहे. अदलाबदल शिकवा, त्याच्या खेळण्यांवरच सुरुवात करा, "दे" म्हणायचं, नाकाशी खाऊ धरायचा, त्याने सोडलं की खाऊ द्यायचा आणि खेळणं परतही द्यायचं. परत देणं महत्त्वाचं, त्याला वाटलं पाहिजे की दिल्याने आपलं काही जात नाही. आणि मोजे बंद डब्यात.

काही गिळल्याचं दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन, घरच्या घरी ओकवायला जाऊ नका, काही वस्तू वर येताना जास्त इजा करतात. ढुंगणातून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आत आतडी कापली जाऊ शकतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम हे सगळं उंचावर, त्याच्या उडीपेक्षा उंच. फेकायला काठी पण नको, पळत जाऊन तोंडात धरताना घशात घुसल्याच्या केसेस डॉक्टर लोक नेहमी बघतात.

पाऊसवेडी

बाप रे, जुनीछत्री, वाचूनच हात गार पडले. मोजे आत्ता उचलून ठेवले सगळे. रानवाट ताई, झोपेचं आम्ही कधी धरलंच नव्हतं, तो दिवसभर कुणा ना कुणाच्या मागे असतो.

दोन शंका. पाठ केली की तो भुंकत सुटतो, आधीपेक्षा जास्त, मग चालू ठेवायचं का? आणि दोरीची खेचाखेची नवऱ्याला फार आवडते, पण त्याला जिंकू दिलं तर डोक्यावर बसेल म्हणतात, ते खरं का?

टेकडीवरचा

भुंकणं आधी वाढणारच. आत्तापर्यंत जे चालत होतं ते अचानक चालेना म्हणून तो आणखी जोर लावून बघतोय. तिथे एकदा जरी वळून बघितलंत तरी पुढच्या वेळी तेवढं भुंकावं लागतं असं तो शिकेल, म्हणून तेवढे दिवस घट्ट राहा.

खेचाखेची खुशाल खेळा. रूनी आणि ब्रॅडशॉ यांनी गोल्डन रिट्रीव्हरवर याच प्रश्नाचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये छापला, कुत्र्याला जिंकू दिलं काय आणि हरवलं काय, तो मालकावर वरचढ व्हायला लागला असं काही दिसलं नाही. उलट "दे" शिकवायला याहून चांगला खेळ नाही, दिलं की पुन्हा खेचायला मिळतं. फक्त मान वर-खाली झटकू नका, आडवं खेचा आणि जोर त्याला लावू द्या.

चेंडू निळा घ्या. कुत्र्यांना निळा आणि पिवळा वेगळा कळतो, लाल आणि हिरव्यात घोळ होतो, हिरवळीवरचा लाल चेंडू त्याला डोळ्याने सहज सापडत नाही, बऱ्याचदा नाकाने शोधावा लागतो. मी दोन वर्षं लाल चेंडू टाकत होतो आणि माझा राजा शेजारून निघून जायचा, मला वाटायचं लक्षच नाही याचं. निळा आणला त्या दिवशी त्याने जी धाव घेतली ती अजून डोळ्यांसमोर आहे.

राजा आता तेरा वर्षांचा आहे. मागचे पाय दुखतात, गोळ्या चालू आहेत. सकाळी मी बूट घालायला बसलो की तो अजून वाकतो, पूर्ण नाही जमत, पुढचे पाय जेमतेम चार बोटं पुढे सरकतात आणि मान खाली जाते, बस. मी सगळं सोडून खाली बसतो आणि त्याच्यासमोर हात जमिनीला टेकवतो. दोन मिनिटं खेळतो आम्ही, मग तो दमतो. तुमच्या मिस्टरांना सांगा की दीड-दोन वर्षांत बंड्या शांत होईल, नक्की होईल, तोवर द्या त्याला तेवढा वेळ.

दोनशेपट्या

टेकडीवरचा, राजाला माझ्याकडून कानामागे खाजवा.

पाऊसवेडी

तीन आठवडे झाले म्हणून कळवतेय. गेट लावलं. दुपारी एक ते तीन बंड्या आतल्या खोलीत झोपतो, पहिले चार दिवस रडला, आता स्वतःच जाऊन पडतो, आणि संध्याकाळचं चावणं खरंच निम्म्यावर आलं. भुंकणं पाचव्या दिवशी एवढं वाढलं की मी हार मानणार होते, इथलं पुन्हा वाचलं आणि थांबले, आठव्या दिवशी कमी झालं. नवऱ्याने टेकडीवरचा यांचं दोनदा वाचलं, काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी निळा चेंडू घेऊन आला.

उड्या पूर्ण गेल्या नाहीत. पाहुणे आले की विसरतो, तेव्हा पट्टा लागतोच. पण सासूबाई खुर्चीत बसल्या की तो समोर येऊन बसतो आता. काल वाळत घातलेला एक मोजा कुठून तरी मिळवलाच त्याने, मी धावले नाही, दारातच उभी राहिले, तर तो सरळ त्यांच्याकडे गेला, त्यांनी हात पुढे करून "दे रे" म्हटलं आणि त्याने तो त्यांच्या मांडीवर ठेवला. शेपटी मागच्या कपाटावर धाड धाड वाजत होती.

त्या शेपटीचंच विचारायचंय, टोकाला थोडं सोललंय आणि भिंतीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले, हे आपटूनच होतं का?

रानवाट

हो, लॅबमध्ये खूप दिसतं, जोरात हलवून सारखं कशावर तरी आपटतं आणि टोक उघडं पडतं. ते लवकर भरत नाही, पुन्हा पुन्हा फुटतं, त्यामुळे उद्याच डॉक्टरांना दाखवा, पट्टी त्यांच्याकडूनच बांधून घ्या, घरी घट्ट बांधली तर रक्त अडतं. आणि सासूबाईंची खुर्ची कपाटापासून लांब, मोकळ्या जागेत ठेवा.