मदत हवी आहे: नेत्रदानावरच्या भाषणात भावना किती आणि आकडे किती?

नमस्कार मंडळी,

ऑफिसमधल्या सहकाऱ्यांसमोर नेत्रदानावर दहा मिनिटं बोलायचं आहे. टाळ्या नकोत, लोकांनी खरोखर फॉर्म भरावेत एवढीच इच्छा. ॲरिस्टॉटलचं इथॉस, पॅथॉस, लोगोस, म्हणजे वक्त्याची विश्वासार्हता, भावना आणि युक्तिवाद, धरून मसुदा लिहिलाय.

लोगोसची चिंता नाही. मृत्यूनंतर साधारण ६ तासांत कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) काढावा लागतो, चष्मा असलेले किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलेही दान करू शकतात, एका दात्यामुळे दोघांना दृष्टी मिळू शकते, हे सगळं आलंय. पण मी डॉक्टर नाही, माझं कोण ऐकणार? आणि शेवटी एका अंध मुलीची गोष्ट आहे, ती वाचताना मलाच रडवायचा डाव वाटतो. काढून टाकू का?

प्रतिसाद १
इथॉसला डिग्री लागत नाही हो. वक्त्याविषयी लोकांचं आधीच काय मत आहे यापेक्षा विश्वास भाषणातूनच निर्माण व्हावा, असं खुद्द ॲरिस्टॉटल म्हणतो. त्यासाठी शहाणपण, सचोटी आणि श्रोत्यांविषयी सद्भाव दिसला पाहिजे. डॉक्टर नाही हे सुरुवातीलाच सांगून टाका, माहिती नेत्रपेढीकडून तपासून घ्या. 'चेहरा विद्रूप दिसेल' ही शंका कुणी विचारायच्या आत तुम्हीच काढा. तसं होत नाही, हे न हसता, नीट सांगा.

प्रतिसाद २
मुलगी खरी आहे की रचलेली? रचलेली असेल तर आजच काढा, पकडले गेलात तर वरचं सगळं इथॉस पाण्यात.

खरी असली तरी माझा आक्षेप वेगळा आहे. तुमच्या श्रोत्यांना दया येत नाही असं थोडंच आहे? ते अडतात स्वतःच्या मरणाचा विषय घरात काढायला. पॅथॉस तिथे लावा. ॲरिस्टॉटलने भीतीबद्दल लिहिलंय की सुटकेची थोडी तरी आशा असेल तरच माणूस उपायाचा विचार करतो. दयेचंही तसंच असावं, हातात काही करण्याजोगं नसेल तर ती हळहळीत विरते. आणि फॉर्म भरून भागत नाही, वेळ आल्यावर नेत्रपेढीला फोन घरच्यांनीच करायचा असतो. म्हणून शेवटची मागणी 'आज घरी सांगा' ही ठेवा, गोष्ट मध्यावर घ्या.

धागाकर्ता
मुलगी खरी आहे, तिच्या घरच्यांची परवानगीही आहे. मध्यावर घेतो. फॉर्म आधी वाटू की नंतर?

प्रतिसाद २
नंतर. आधी दिलेत तर लोक फॉर्म वाचत बसतील, तुम्हाला कोण ऐकणार!