मदत हवी आहे: एमआरची (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची) नोकरी सोडून सॉफ्टवेअरमध्ये, कुठून शिरू?

मी मेकॅनिकल बीई, ६२ टक्के. सहा वर्षं औषध कंपनीत एमआर, सध्या नाशिकला. कोडिंगची नोकरी कधी केलेली नाही.

दीड वर्ष रोज पहाटे ५ ते ७ पायथॉन आणि एसक्यूएल शिकतोय. हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला. कामात महिनाअखेरीला ११ स्टॉकिस्टांची (औषधांच्या घाऊक विक्रेत्यांची) स्टेटमेंट्स येतात. एकच औषध कुणाकडे ‘१० टॅब’, कुणाकडे ‘स्ट्रिप’. ती जुळवून सेकंडरी सेल्स (स्टॉकिस्टांकडून दुकानांना झालेली विक्री) काढणारी स्क्रिप्ट लिहिली. आधी अख्खा रविवार जायचा, आता वीस मिनिटं. कोड गिटहबवर आहे. साठेक अर्ज केले, दोनच फोन आले. दोन्हीकडे पहिलाच प्रश्न, ‘डेव्हलपमेंटचा अनुभव किती?’ गाडी तिथेच अडते.

पगार निम्मा झाला तरी चालेल, पुण्याला यायची तयारी आहे. पण घराचा हप्ता आहे आणि बचत फार तर आठ महिने पुरेल. ‘जॉब गॅरंटी’वाले महागडे क्लास कृपया सुचवू नका.

नोकरी सोडून सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक (अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा) करू, की फार्मा सॉफ्टवेअरच्या कंपनीत सपोर्टला लागून आतून डेव्हलपमेंटकडे सरकू? सपोर्टमधून बाहेर पडलेलं कुणी आहे का इथे? किती काळ लागला?