मदत हवी आहे: 'बोअर' घेतात, मारतात की पाडतात?

शब्दकोशासाठी लिहितोय त्या 'बोअर' या एका शब्दाच्या नोंदीपाशी गाडी अडली आहे. पाण्यासाठी घेतलेल्या साडेसहा इंची बोअरमधला (विंधन विहिरीतला) शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'बोरिअन', म्हणजे भोक पाडणे, यावरून आला. बंदुकीचा बोअरही तोच. 'बारा बोअर' म्हणजे अशी नळी, की तिच्यात नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते. इथं हमखास उलटं समजलं जातं. उस्मानाबादी शेळीशी संकर करतात ती बोअर शेळी मात्र वेगळ्या घराण्यातली: डच भाषेत 'बूर' म्हणजे शेतकरी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले बोअर हेच. भाषणाला कंटाळून 'बोअर झालं' म्हणतो, तो अर्थ अठराव्या शतकातला. त्याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे, म्हणून तो नोंदीत भोक पाडण्याच्या अर्थाखाली घुसडलेला नाही.

आता प्रश्न. तुमच्या गावात बोअर घेतात, मारतात की पाडतात? 'बोअर आटला' की 'आटलं'? आणि 'बोअर मारू नको' हे कंटाळ्यासाठी म्हणतात का? तालुका, जिल्हा आणि बोलण्यातलं एक अख्खं वाक्य द्या. नुसतं 'आमच्याकडं पण' लिहिलं तर नोंदीला उपयोग नाही.